बारा उन्हाळ्यांची राख

आनंदराव शहारे गावात कोणालाच माणसात धरत नसे. त्याच्या तुच्छतेत जातपात नव्हती, लहानमोठं नव्हतं, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. कृष्णराव पाटील त्याच्या लेखी बैल होता. तलाठी त्या बैलाचं शेपूट. आणि त्याच्या स्वतःच्या मोहल्ल्यातले लोक, ज्यांच्यासोबत तो दर पौर्णिमेला विहारात बसून वंदना म्हणायचा, ते त्या शेपटाने हाकललेल्या माशा. "सबन भैताड आहेत," असं तो भट्टीत भुसा लोटता लोटता म्हणायचा; भैताड म्हणजे बिनडोक. ऐकायला कोणी नसलं तर भट्टीलाच सांगायचा.

आता गावही काही कमी नव्हतं. तलावाचं पाणी सोडायच्या दिवशी दोघांची डोकी फुटल्याशिवाय या गावातलं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरत नसे. शेजाऱ्याने युरियाचं एक पोतं टाकलं की हा दीड टाकणार, मग तिसरा दोन. धान काळंशार हिरवं दिसायला लागलं की सगळे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून मिशा पिळायचे. दसऱ्याच्या आसपास एक वारं आलं की तेच धान भुईवर लोळायचं, आणि हे पुन्हा धुऱ्यावर उभे, या वेळी नशिबाला शिव्या देत. असल्या वासरांत लंगडी गाय शहाणी ठरणारच.

सानगडीच्या रस्त्यावर एक राईस मिल होती. तिथे उसना तांदूळ काढायचे. म्हणजे धान आधी मोठ्या टाक्यांत उकडायचं, वाळवायचं, मग भरडायचं. उकडायला वाफ लागते, वाफेला आग लागते, आणि आगीला भुसा, धानाचं टरफल. ते तिथे फुकटचं पडलेलं. त्या भट्टीवर आनंदराव अठ्ठावन्न सालापासून होता. जळालेल्या भुशाची काळी राख मिलच्या मागे ओतायची, हेही त्याचंच काम. ती राख कोणी विचारत नसे. बाया भांडी घासायला पदरात दोन मुठी नेत, म्हातारे दात घासायला चिमूटभर. बाकी डोंगर तसाच वाढत जायचा.

शहात्तर साली सिलिंगच्या जमिनी वाटल्या गेल्या. पाटलाची जास्तीची जमीन सरकारजमा झाली आणि त्यातली दोन एकर आनंदरावच्या नावावर चढली. पाटलाने दिली ती अर्थातच टाकाऊ. खरडी जमीन, रेताड, पाणी धरेना की खत धरेना. आपल्या हाताने कसायची, विकायची नाही, गहाण टाकायची नाही, दुसऱ्या कामाला वापरायची नाही, अशा शर्तींवर ती मिळाली होती. शर्त मोडली तर जमीन परत. शहाऱ्यांच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर टीचभर वावर नव्हतं. सुमनबाई, त्याची बायको, पहिल्या दिवशी वावरात गेली ती नुसती धुऱ्यावर बसून राहिली. संध्याकाळी उठवून आणावी लागली.

पहिल्या वर्षी धान झालं टोंगळ्याएवढं, गुडघ्याला लागेल इतकंच, तेही करप्याने अर्धं खाल्लं. पानांवर डोळ्याच्या आकाराचे तांबडे ठिपके पडले आणि लोंब्या भरायच्या आधीच माना मोडून पांढऱ्या पडल्या. पाटील मोहल्ल्यापर्यंत येऊन हसून गेला. म्हणाला, "जमीन देल्ली सरकारनं, अक्कल कुठून देईल?"

त्याच पावसाळ्यात आनंदरावने एक गोष्ट पाहिली, जी त्या मिलमध्ये येणाऱ्या शंभर शेतकऱ्यांनी पाहिली असणार आणि एकाच्याही डोक्यात शिरली नसणार. मिलच्या मागे, राखेच्या ढिगाला लागून, जिथे राख चिखलात मिसळली होती तिथे सांडलेले दाणे उगवले होते. कोणी पेरलं नाही, कोणी खत दिलं नाही. आजूबाजूच्या बांध्यांत करपा नाचत होता आणि हे बेवारशी धान ताठ उभं. पानावर एक ठिपका नाही. त्याने पात ओढून पाहिली तर बोट कापलं. पातीला धार होती.

तो घरी आला आणि बोट चोखत सुमनबाईला म्हणाला, "वावरातून आपण का का नेतो सांग. दाणा नेतो. तणस ढोरं खातात. भुसा मिलमंदी जाते. वावराले वापस का देल्लं?"

"शेणखत देतो का नाही जी?"

"शेणखत कुठं पुरते? धानानं जमिनीतून जे ओढलं ते टरफलात हाय. ते टरफल मी रोज जाळून फेकून राह्यलो. लोक फेकून राह्यले. भैताडाच्या बाजारात मीच एक भैताड होतो आजवर."

हे मात्र खरंच डोकं होतं. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चौथीपर्यंतची शाळा आणि वीस वर्षांची भट्टी एवढंच त्याचं भांडवल, आणि तेवढ्यावर त्याने जे ओळखलं ते नागपूरच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्यांना ओळखता आलं नव्हतं. पुढे त्याने हेही ओळखलं की अर्धवट जळलेली काळी राख चालते, आणि खूप आग लागून पांढरीफेक झालेली तितकी चालत नाही. भट्टीचं दार किती उघडायचं, भुसा कधी लोटायचा, हे तो राखेचा रंग बघून ठरवायला लागला. मालकाला वाटायचं, गडी मन लावून काम करतो.

पुढच्या उन्हाळ्यात आनंदराव आणि सुमनबाई राख वाहू लागले. मिलपासून वावर दीड मैल. बैलबंडी असती तर पंधरा खेपांत काम झालं असतं. पण बंडी मागायची तर कोणाशी तरी दोन शब्द गोड बोलावे लागतात. मोहल्ल्यात दादाजीकडे बंडी होती. आनंदराव त्याला भर विहारात म्हणाला होता, "तुह्या बैलाले तुह्यापेक्षा जास्त समजते." मग दादाजी कसा देतो बंडी? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याला तर बैलच नव्हता. मग राहिलं डोकं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं. दोन एकराला एका उन्हाळ्यात तीनशे टोपली. त्यातली दोनशे सुमनबाईच्या डोक्यावर, कारण हा अर्धा दिवस भट्टीवर.

वैशाखात ते वावर बघण्यासारखं असायचं. तापलेल्या पांढऱ्या मातीवर काळे ढीग, दहा-बारा हातांवर एक, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. लोक जाता-येता हसायचे. राखरांगोळी म्हणतात ती हीच, अशी मसखरी चालायची. बोलून दाखवत नसले तरी आणखी एक गोष्ट होती. बौद्धांच्या मोहल्ल्यातून आलेली युक्ती पाटलांच्या आळीत कोण उचलणार? धान करपून गेलं तरी चालेल, पण शहाऱ्याच्या आनंद्यापासून शिकलो असं व्हायला नको. एवढी लाज हे गाव चोरी करताना बाळगत नसे.

आणि धान? धान उभं राहिलं. पहिल्या वर्षी थोडं, दुसऱ्या वर्षी बरं, चौथ्या वर्षापासून खरडीच्या त्या तुकड्यात कमरेच्या वर धान. वारं आलं तरी लोळेना. कापणीला आलेल्या बाया कुरकुरायच्या की या वावरात हात कापतात. आनंदराव धुऱ्यावर उभा राहून शेजारच्या लोळलेल्या बांध्या पाहायचा आणि त्याला खरोखर सुख व्हायचं. दुसऱ्याचं धान पडलेलं पाहून होणारं सुख वाईट असतं हे त्याला माहीत होतं. त्याने ते सोडलं नाही.

कृषी खात्याचा एक साहेब अठ्ठ्याहत्तरात आला होता. त्याने बोटांवर मोजत सांगितलं, "राखेत नत्र नाही, स्फुरद नावापुरतं. हे खतच नाही."

"मंग धान उभं काहून हाय?"

"योगायोग."

त्यानंतर दरवर्षी तोच योगायोग होत गेला. मग पंच्याऐंशीच्या सुमारास कॉलेजातून नुकताच निघालेला एक पोरगेला अधिकारी सायकलवर आला. त्याने मात्र पात हातात घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "सिलिका आहे ही. वाळूत असते तीच. पण वाळूतली धानाला पचत नाही, भुशाच्या राखेतली पचते. त्यानं पान टणक होतं, रोगाला आत शिरता येत नाही." आनंदराव अर्धा दिवस खूश होता. मग त्या मुलाने चूक केली. तो म्हणाला, "काका, पण मोजून टाका. एका बांधीत कमी टाकून बघा, एकीत फक्त परह्यात टाकून बघा. किती लागते ते तरी कळेल." परहा म्हणजे रोवण्याआधी रोपं वाढवायचा तो लहानसा वाफा.

"तुमचं वय का हाय?" आनंदरावने विचारलं.

"चोवीस."

"मी जितके वर्स भट्टीवर हाय ना, तितके तुमाले जन्माले येऊन झाले नाहीत." आणि हा विषय तिथेच संपला. तो मुलगा सायकल घेऊन गेला आणि त्याची बदली झाली.

सत्त्याऐंशी साली गावावर करपा असा आला की विचारू नका. पाटलाच्या सोळा एकरांत लोंब्या पांढऱ्या. सेवकराम नावाचा दुकानदार युरिया आणि फवारणीची औषधं विकायचा. त्याने पाटलाला तीन वेळा फवारायला लावलं आणि तिन्ही वेळा वारा उलटा होता असं सांगितलं. मधोमध आनंदरावचे दोन एकर जसे काही दुसऱ्या जिल्ह्यातले. त्याच्या धुऱ्याला लागून पाटलाच्या काकूचं, गोदावरीबाईचं, एकर-सव्वा एकर होतं. तेही वाचलं. पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. म्हातारी विधवा, मूलबाळ नाही, तिचं वावर म्हणजे कोणाच्या गिनतीत नव्हतंच. आनंदरावचं तेवढं गेलं, पण तो म्हणाला, "तिची जमीन कसदार." आणि मान फिरवली.

पाटलाच्या पोटात दुखू लागलं. आपण टाकून दिलेल्या जमिनीत धान उभं आणि आपलं आडवं, हे त्याला सहन होईना. तो शिकला नसला तरी कागद कसा करावा हे त्याला बरोबर कळत होतं. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात साकोलीच्या तहसील कचेरीत अर्ज गेला: सदर इसम वाटपाची जमीन कसत नाही, राईस मिलची राख टाकण्याकरिता तिचा वापर करतो, जमीन कायमची नापीक केली, शर्तभंग झाला, सबब जमीन परत घेऊन अन्य गरजू भूमिहीनास द्यावी. तो गरजू भूमिहीन म्हणजे पाटलाचा सालदार तुलाराम. बिचाऱ्या तुलारामला स्वतःला हे ठाऊकही नव्हतं. त्याच्या नावावर जमीन चढली असती आणि पीक पाटलाच्या ढोलीत गेलं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

नोटीस आली तेव्हा सुमनबाई जेवायला वाढत होती. आनंदराव म्हणाला, "येऊ दे साहेबाले. धान पाह्यलं का समजते त्याले."

"आता वैशाखात धान कुठून दाखवता जी?" सुमनबाई म्हणाली.

ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पाटलाने तारीख बरोबर साधली होती. साहेब आला तेव्हा वावरात धानाची एक काडी नव्हती आणि दोनशेवर काळे ढीग होते. सातबाऱ्यावर दरवर्षी धान लिहिलेलं होतं, पण पाटलाने अर्जातच लिहिलं होतं की तलाठी चावडीत बसून पीक लिहितो. आणि ते खरं होतं. जन्मात पाटील एकदा खरं बोलला, तेही असं.

मंडळ निरीक्षक घामाने डबडबलेला, डोक्यावर रुमाल, कंटाळलेला माणूस होता. त्याने ढिगाला बुटाने ठोकर मारली, काळी धूळ उडाली, पॅन्टवर बसली. तिथेच त्याचं मत अर्धं पाटलाकडे झुकलं. तो म्हणाला, "पंच बोलवा. इथे शेती होते का राख टाकतात, ते पंचांनी सांगावं. दोघांची सही लागेल."

वीस-पंचवीस माणसं जमली होती. दुसऱ्याच्या वावराचा पंचनामा म्हणजे या गावाला दंडारीचा खेळ बघायला मिळाल्यासारखं. साहेबाने सेवकरामला विचारलं. सेवकराम म्हणाला, "राख तं दिसूनच राह्यली साहेब. मह्या दुकानातून यानं आजवर एक पोतं नेलं नाही. खताबिगर शेती कोन करते?" त्याला आनंदराव चारचौघांत "विष विकणारा" म्हणत असे.

मग साहेबाने दादाजीला विचारलं. दादाजी आपल्या मोहल्ल्यातला, रोज सकाळी जय भीम घालणारा. त्याने एकदा आनंदरावकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. पाटलाची त्याला भीती होती असं नाही. पण गेली कित्येक वर्षं गिळलेलं वर आलं. तो म्हणाला, "मले त्यातलं का समजते साहेब? माह्यापेक्षा माह्या बैलाले जास्त समजते." आणि तो मागे सरकला.

लोक हसले. आनंदरावने सगळ्यांवरून नजर फिरवली. प्रत्येकाला तो काही ना काही बोललेला होता. त्या वीस-पंचवीसांत त्याने सोडलेला असा एक माणूस नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि काय बोलावं? "साहेब, हे सबन भैताड आहेत," एवढंच निघालं. साहेबाने ते लिहून घेतलं नाही. सुमनबाई धुऱ्यावर जाऊन बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशी. जमीन गेली, हे तिला कळलं.

तेवढ्यात धुऱ्यापलीकडून आवाज आला. "कृष्णा, माहं वावर बी लिहून दे सरकारले."

गोदावरीबाई. सत्तरीची, वाकलेली, कासोटा मारलेलं लुगडं. ती केव्हापासून तिथे उभी होती कोणास ठाऊक. पाटील म्हणाला, "काकी, तू घरी जाय. हे मानसाचं काम हाय."

"मानसं दिसून राह्यली मले," ती म्हणाली आणि धुरा ओलांडून साहेबापुढे आली. "साहेब, मी याची सख्खी काकी. आठ वर्स झाले, मी मिलची राख वावरात टाकते. भांडे घासाले पाह्यजे म्हनून आनते, अन टाकते वावरात. मांगच्या साली करप्यानं या कृष्णाचं सोळा एकर खाल्लं. माहं खाल्लं का, इचारा यायले. आनंद्याचं खाल्लं का, ते बी इचारा. हे सबन तिथूनच रोज जातात-येतात. तोंडात मूग घालून उभे राहाले आले का?"

साहेबाने विचारलं. म्हातारी खोटं बोलते असं एकालाही म्हणता येईना. पाटलाच्या सख्ख्या काकूपुढे खोटं बोलायची सेवकरामचीही हिंमत झाली नाही. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "धान होते, धान होते." मग दादाजीनेही मान हलवली. साहेबाने पंचनाम्यात लिहिलं की सदर राख खत म्हणून वापरली जाते, जमीन कसवणुकीत आहे. गोदावरीबाईने अंगठा दिला. सेवकरामने सही केली, आणि ती करताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

जमीन वाचली. सुमनबाई उठली आणि म्हातारीच्या पायाशी वाकली. म्हातारीने पाय मागे घेतले. "तुह्या नवऱ्यासाठी नाही आली मी," ती म्हणाली. "त्याचं तोंड पाहून तं वाटते, जावो जमीन. पन जमिनीनं कोनाचं का बिघडवलं?"

यावर आनंदरावने काय करावं? दोन शब्द बोलावे की नाही? तो घरी जाऊन म्हणाला, "म्हातारीनं माहीच राख चोरली, अन मलेच सुनावून राह्यली." सुमनबाई त्या दिवशी त्याच्याशी जेवणापुरतंच बोलली.

मृग लागला. अर्जाच्या गडबडीत पंधरा दिवस वाया गेले होते, म्हणून नवराबायको उरलेली राख दुप्पट घाईने वाहत होते. एका सकाळी आनंदराव धुऱ्यावर टोपलं रिकामं करत होता आणि सुमनबाई मागून भरलं टोपलं घेऊन येत होती. पलीकडे गोदावरीबाई आपल्या वावराच्या कोपऱ्यात परह्याचा वाफा करत होती. चार खाटांएवढी जागा. तिने तिथे राख पसरली, हाताने मातीत कालवली, वर बी फेकलं. मग हात झटकले आणि बाकीच्या सव्वा एकराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आनंदरावला बोलल्याशिवाय राहवेना. शिकवायची संधी होती, तीही वर्षातून एकदा येणारी. "बाई, एवढ्यानं का होते? वावरभर टाका लागते. किती टोपले टाकले?"

"आठ."

"आठ." तो हसला. "उंटाच्या तोंडात जिरं."

म्हातारीने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "आठ वर्सं झाले, आठच टाकते. माहं धान कधी लोळलं?"

आनंदरावने रिकामं टोपलं झटकलं.

"करपलं?"

"तुमची जमीन कसदार हाय," तो म्हणाला.

"कसदार? भैताडा, एकाच बांधीचे दोन तुकडे हायेत हे. मधात धुरा मह्या नवऱ्यानं घातला. तुही बी खरडी, माही बी खरडी. लेकरू लहान असताना पोटात जाते ते अंगी लागते. मोठं झाल्यावर घमेलंभर चारलं तं हागून टाकते. परह्याले दे, रोवण्यापर्यंत त्याचं हाड टनक झालं का मंग कायची राख अन कायची बाख."

आनंदराव तिच्या वावराकडे बघत राहिला. आठ वर्षं तो हे वावर पाहत होता. हातभर रुंदीच्या धुऱ्यापलीकडे, दर दसऱ्याला, त्याच्याइतकंच ताठ धान. त्याने पाहिलं होतं आणि मान फिरवली होती. तीनशे ढिगांपैकी दहा-बारा कामाचे होते, बाकीचे नुसते वाहायचे म्हणून वाहिले. त्या सायकलवाल्या पोराने तोंडावर सांगितलं होतं. आणि ते ढीग नसते तर पाटलाला अर्ज करायला तरी काय सापडलं असतं?

"मंग सांगतलं काहून नाही?" तो म्हणाला.

"तुले? तुले सांगनारी मी कोन बापा? तुले तं सबन येते. दरसाली पाहो तुमाले, मरमर मरत. ही तं बिचारी अर्धी झाली. दोनदा आली मी धुऱ्यापर्यंत सांगाले. एकदा तू म्हनला, म्हातारी राख मांगाले आली वाटते. दुसऱ्यांदा पाटलाच्या घरच्यायची अक्कल काढली. मी वापस गेली."

सुमनबाई मागे उभी होती. टोपलं अजून तिच्या डोक्यावर होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

"आठ?" ती म्हणाली.

तिने टोपलं खाली ठेवलं, चुंबळ काढली. तिच्या टाळूवर मधोमध केस नव्हते, पन्नाशीच्या आतच घासून गेले होते. मान उजवीकडे वळायची बंद होऊन तीन वर्षं झाली होती. साकोलीच्या डॉक्टरने ओझं उचलू नका म्हटलं होतं आणि आनंदरावने त्या डॉक्टरलाही भैताड म्हटलं होतं.

"बारा उन्हाळे झाले जी," ती म्हणाली. ओरडली नाही. "दादाजीले एक शब्द गोड बोलले असते तं बंडी भेटली असती. या बाईले एक शब्द इचारला असता तं बंडी बी लागली नसती. तुमी मानसाले मानूस म्हनलं नाही, अन भार मह्या डोस्क्यावर."

आनंदरावला लाज वाटली. जन्मात पहिल्यांदा वाटली, आणि ती कशी वागवायची ते त्याला येत नव्हतं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्याजवळ लोकांसाठी जे शब्द होते त्यांतला एकही बायकोला म्हणण्यासारखा नव्हता, आणि स्वतःला म्हणण्यासारखा एक होता, तो म्हातारीने म्हणून टाकला होता.

सुमनबाई धुरा ओलांडून पलीकडे गेली. "बाई, राख मातीत किती खोल कालवा लागते, ते दाखवा मले," ती म्हणाली. गोदावरीबाई सरकली आणि तिने वाफ्याच्या काठाला तिच्यासाठी जागा केली. दोघी उकिडव्या बसून मातीत हात घालून बोलू लागल्या. आनंदराव इकडे उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.